बदललेला सांधा पुन्हा बदलावा लागला तर…



गुडघा किंवा खुबा बदलून घेतलेला माणूस आता आपल्या कार्यक्षेत्रातील प्रत्येक गावात सापडतो. एके काळी ही मोठ्या शहरातल्या मोठ्या माणसांची गोष्ट वाटे. ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलण्यात आला आणि जून २००१ मध्ये उजवा. न्यूयॉर्कहून आलेले डॉ. चित्तरंजन राणावत यांनी ती ऑपरेशने केली. त्या वेळी वर्तमानपत्रांतून पारापारावर या ऑपरेशनची चर्चा झाली. पुण्याचे डॉ. के. एच. संचेती यांनी तर भारतीय माणसाच्या गुडघ्याला बसेल असा ‘इंडस’ हा देशी सांधा तयार करून घेतला. आता लोणी, नगर, नाशिक, पुणे या टापूत हे ऑपरेशन नवलाईचे राहिलेले नाही.

पहिल्या ऑपरेशनविषयी बरेच बोलले जाते. दुसऱ्याविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. बसवलेला सांधा काही वर्षांनी सैल होतो, झिजतो, निखळतो, किंवा त्यात जंतू शिरतात आणि तो काढून नवा बसवावा लागतो. अशा वेळी घरातली माणसे हबकून जातात. कोणी म्हणते, “आता काय उपयोग, वय झालं.” कोणी म्हणते, “डॉक्टरनं फसवलं.” कोणी तेल चोळत बसते. या सगळ्यात जे महिने वाया जातात तेच पुढे महागात पडतात. म्हणून हा लेख.

सांधा का बिघडतो?

गुडघ्याच्या सांध्यात मांडीच्या हाडावर एक धातूची टोपी, नडगीच्या हाडावर धातूची ताटली आणि दोहोंच्या मध्ये कठीण प्लॅस्टिकचा तुकडा असतो. खुब्यात एक गोळा आणि एक वाटी. आपल्या गाळप विभागातले कामगार बेअरिंगचे लायनर म्हणतात, त्याच जातीचे काम हे प्लॅस्टिक करते. फरक एवढाच, की कारखान्याला बंद हंगामात ओव्हरहॉलिंग मिळते, माणसाच्या गुडघ्याला बंद हंगाम नसतो.

प्लॅस्टिक वर्षानुवर्षे घासले की त्याचे अतिसूक्ष्म कण सुटतात. हे कण पाहून शरीर चवताळते आणि त्या भरात सांध्याभोवतालचे हाडच खाल्ले जाते. हाड पोकळ झाले की सांधा हलू लागतो. यालाच सांधा ‘सैल होणे’ म्हणतात.

ही गोष्ट शास्त्रज्ञांना फार महागात शिकावी लागली. इंग्लंडमध्ये लँकाशायरच्या राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली नावाचे सर्जन होते. १९५८ च्या सुमारास त्यांनी खुब्यात टेफ्लॉनची वाटी बसवायला सुरुवात केली. माणसे उठून चालू लागली, जिकडेतिकडे वाहवा झाली. पण दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजून त्याचा भुगा झाला आणि तेच रोगी कण्हत परत आले. चार्नलींना त्या खुब्यांची पुन्हा ऑपरेशने करावी लागली. टेफ्लॉनचा शरीरावर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी त्यांनी स्वतःच्या मांडीत त्याचे कण टोचून घेतले. पुढे त्यांच्या प्रयोगशाळेतील कारागीर हॅरी क्रेव्हन यांनी दुसऱ्या जातीच्या प्लॅस्टिकचा, म्हणजे पॉलिथिलीनचा, तुकडा यंत्रावर घासून पाहिला. टेफ्लॉन एका दिवसात जेवढे झिजे तेवढे हे तीन आठवड्यांतही झिजले नाही. नोव्हेंबर १९६२ पासून ती नवी वाटी बसू लागली. आजचा खुबा त्याच वंशातला आहे. म्हणजे फसलेल्या पहिल्या ऑपरेशनांतूनच हे शास्त्र उभे राहिले आहे.

मग सांधा टिकतो तरी किती? २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निरनिराळ्या देशांच्या नोंदी एकत्र करून हिशेब मांडला गेला. पंचवीस वर्षांनंतर शंभरातले सुमारे ८२ पूर्ण बदललेले गुडघे आणि ५८ खुबे शाबूत होते. त्याच नियतकालिकात २०१७ साली इंग्लंडमधील रोग्यांचा अभ्यास आला. सत्तरीनंतर सांधा बदलणाऱ्यांपैकी शंभरात पाचेकांनाच आयुष्यात पुन्हा ऑपरेशन लागते, पण पन्नाशीच्या सुरुवातीला सांधा बदलणाऱ्या पुरुषांत हे प्रमाण शंभरात पस्तीसपर्यंत जाते. कारण उघड आहे. तरुण माणूस जास्त वर्षे जगतो आणि सांधा जास्त वापरतो. तेव्हा पन्नाशीच्या सभासदाने “सगळेच करताहेत, मीही करून टाकतो” म्हणण्यापूर्वी वजन, व्यायाम, औषधे यांवर भागते का ते पाहावे.

जंतू शिरला तर

झीज हळूहळू होते. जंतुसंसर्गाचे तसे नाही. पहिल्या ऑपरेशननंतर शंभरात एक-दोघांना तो होतो, दुसऱ्या ऑपरेशननंतर त्याहून जास्त. धातू आणि प्लॅस्टिक यांना रक्तपुरवठा नसतो. त्यांच्यावर जंतू बसले की ते स्वतःभोवती शेवाळासारखा चिकट थर तयार करतात आणि मग पोटातून घेतलेले औषध तिथे नीट पोहोचत नाही. म्हणून येथे दिवसांचा हिशेब महत्त्वाचा. संसर्ग लवकर, म्हणजे थोड्या दिवसांत ध्यानात आला, तर सांधा उघडून धुऊन, मधले प्लॅस्टिक बदलून मूळ धातू वाचवता येण्याची आशा असते. उशीर झाला की सगळे काढावे लागते.

जंतू नेहमी ऑपरेशनच्याच वेळी शिरतात असेही नाही. काही वर्षांनंतरही ते रक्तातून सांध्यात पोहोचतात. आपल्या कामात त्यांना वाटा पुष्कळ आहेत. रात्रीच्या विजेवर दारे धरताना पाय तासन् तास पाण्यात राहतात, बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, टाचांच्या भेगा उलतात. पाचटाने हातपाय कापतात. किडलेली दाढ वर्ष वर्ष दुखते आणि आपण लवंग धरून वेळ काढतो. मधुमेह असेल तर साधी जखमही चिघळते. सांधा बदललेल्या माणसाने या बारीक गोष्टी बारीक समजू नयेत. पायात गमबूट घालावेत, चिखल्या आणि भेगांवर वेळीच औषध करावे, दाढ काढायची तर काढून टाकावी आणि दंतवैद्याला “माझा सांधा बदललेला आहे” हे आधी सांगावे.

आता सर्वांत मोठी सूचना. बदललेला सांधा सुजला, गरम झाला, की दुकानातून जंतुनाशक गोळ्या आणून घेऊ नका. अशा गोळ्यांनी ताप तेवढा उतरतो, सूज थोडी ओसरते आणि आत जंतू तसेच राहतात. शिवाय मोठ्या दवाखान्यात सुईने सांध्यातले पाणी काढून तपासले, तर त्यात जंतू सापडत नाहीत. कोणता जंतू हे कळले नाही, तर कोणते औषध द्यायचे हेही कळत नाही. रोग्याची प्रकृती फारच बिघडलेली नसेल, तर पाण्याची तपासणी आधी आणि औषध नंतर, हा क्रम पाळावा.

दुसरे ऑपरेशन वेगळे का?

उसाच्या लागणीला आणि खोडव्याला आपण एकच मशागत करीत नाही. तसेच येथे आहे. पहिल्या वेळी सर्जनला आपले मूळचे हाड मिळते. दुसऱ्या वेळी जुना सांधा आणि त्याला धरून बसलेले सिमेंट काढताना थोडे हाड जाते, थोडे आधीच झिजून गेलेले असते. ती पोकळी भरण्यासाठी धातूचे पाचर लावावे लागते, हाडाची भर घालावी लागते आणि सांध्याला हाडाच्या नळीत खोल जाणारा लांब दांडा लावावा लागतो. जुन्या व्रणांमुळे मांस एकमेकांना चिकटलेले असते. म्हणून वेळ जास्त लागतो, रक्त जास्त जाते आणि धोकाही जास्त.

जुनाट संसर्ग असेल, तर बहुधा हे काम दोन टप्प्यांत करतात. आधी सांधा काढून औषध मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवायचा, पुढे साधारण सहा आठवडे शिरेतून व पोटातून औषधे द्यायची, रक्ताचे अहवाल समाधानकारक आले की मग नवा सांधा. मधला काळ रोग्याला आणि घराला फार जड जातो. चालणे अर्धवट, खर्च चालूच, मन खचलेले. या काळात “आता जरा बरे वाटते” म्हणून औषध मध्येच सोडणारे पुन्हा पहिल्या पायरीवर येतात.

दुसऱ्या ऑपरेशननंतर पुढील अडचणी येऊ शकतात, त्या आधीच माहीत असाव्यात. खुबा निखळणे. दोन्ही पायांच्या लांबीत थोडा फरक पडणे. शिरेला ताण बसून पाऊल लुळे पडणे; हे पुष्कळदा हळूहळू सुधारते, पण काहींचे पूर्ण सुधारत नाही. पोटरीच्या शिरेत रक्त गोठणे आणि ती गाठ फुप्फुसात जाणे. सांध्याशेजारचे हाड मोडणे. आणि गुडघा पूर्वीइतका न वाकणे. डॉक्टरांनी हे सांगितले म्हणजे ते घाबरवतात असे नव्हे. जो सांगत नाही त्याला आपण होऊन विचारावे.

घरी आल्यावर

पहिल्याच एक-दोन दिवसांत वॉकर धरून उभे करतात. हाडाची भर जास्त घातली असेल, तर पायावर पूर्ण भार द्यायला काही आठवडे थांबवतात. शेजारच्या माणसाला पहिल्या ऑपरेशननंतर पंधरा दिवसांत चालताना पाहिले, म्हणून आपणही चालावे, ही बरोबरी करू नये. वॉकर सहा आठवडे ते तीन महिने, त्यानंतर काठी, आणि खरी सुधारणा सहा महिन्यांनी जाणवते. पूर्ण अंदाज यायला वर्ष लागते. आडसाली ऊस धीराने सांभाळतो तसा हा पाय सांभाळावा.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. झोळ पडलेली बाज, जमिनीवरचे अंथरूण, पाट आणि बैठा संडास ही चार ठिकाणे वर्ज्य. खुर्ची आणि पलंग गुडघ्याच्या उंचीपेक्षा थोडे उंच असावेत, संडासात कमोडची खुर्ची ठेवावी. खुबा बदललेल्याने मांडी घालू नये, पायावर पाय टाकू नये, खाली पडलेली वस्तू वाकून उचलू नये. ओली न्हाणी, गोधडीची दुमडलेली कड, उंबरठा आणि अंधारातला गोठा यांनी पुष्कळांची हाडे मोडली आहेत. रात्रीचा एक दिवा चालू ठेवण्याचा खर्च तिसऱ्या ऑपरेशनपेक्षा कमीच येईल.

ट्रॅक्टर आणि मोटारसायकल डॉक्टरांनी होकार दिल्यावरच. धारा काढायला उंच स्टूल घ्यावे. उसाची मोळी, खताचे पोते डोक्यावर किंवा पाठीवर घेणे कायमचे बंद. शेतावर चक्कर मारणे, कामावर देखरेख, चालण्याचा व्यायाम हे सगळे जमू शकते.

माता-भगिनींना एक विनंती. मिश्री सोडा. पुरुषांनी बिडी आणि तंबाखू सोडावी. तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो आणि संसर्ग वाढतो. ऑपरेशनच्या निदान महिनाभर आधीपासून ती बंद हवी. मधुमेह असेल तर तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी करून ती आटोक्यात आणल्याशिवाय ठरलेले ऑपरेशन करून घेण्याची घाई करू नये.

चार हजार सातशे खुबे आणि एक चिठ्ठी

आता कागदपत्रांविषयी. ही गोष्ट नीट वाचावी.

डेप्यू या कंपनीचा ‘एएसआर’ नावाचा धातूवर धातू घासणारा खुबा भारतातही विकला गेला. त्यातून कोबाल्ट आणि क्रोमियम या धातूंचे कण सुटून रोग्यांच्या रक्तात व मांसात मिसळत होते. अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त रोग्यांना पुन्हा ऑपरेशन करावे लागत आहे असे दिसून आल्यावर ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून मागे घेतला. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकरणी २०११ साली पोलिसांत तक्रार नोंदवली. केंद्र सरकारने २०१७ साली डॉ. अरुणकुमार अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. भारतात अशी सुमारे ४,७०० ऑपरेशने झाली होती, आणि त्यांपैकी सुमारे ३,६०० रोग्यांचा ठावठिकाणाच लागत नव्हता!

पुढे २०१८ च्या नोव्हेंबरात सरकारने भरपाईचे सूत्र जाहीर केले. वय आणि अपंगत्व यांनुसार रक्कम सुमारे ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत जात होती. कंपनीने ते सूत्र न्यायालयात आव्हानित केले, वाद लांबला. पण आपण विचार करायचा तो ३,६०० माणसांचा. दोष असलेला सांधा शरीरात आहे हे ज्याला कळलेच नाही, त्याची तपासणी कोण करणार आणि त्याला भरपाई कोण देणार? स्वीडनने १९७५ साली गुडघ्यांची आणि १९७९ साली खुब्यांची देशव्यापी नोंदवही सुरू केली. आपल्याकडे या रोग्यांना शोधायला तशी वही नव्हती. म्हणून आपली वही आपणच ठेवायची.

प्रत्येक सांध्याच्या खोक्यात कंपनीचे नाव, सांध्याचा प्रकार, मापे आणि अनुक्रमांक छापलेल्या चिकटचिठ्ठ्या असतात. त्यांतली एक रुग्णालयाच्या कागदांवर लावतात. तशीच एक आपल्या डिस्चार्ज कार्डावर लावून मागा. सातबारा, आठ-अ आणि भागपत्र जिथे ठेवता त्याच ट्रंकेत ती ठेवा. घरातल्या दोघांना जागा ठाऊक असू द्या. दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी सर्जन पहिली गोष्ट विचारतात ती हीच, “आत कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा सांधा आहे?” ते ठाऊक असेल तर कधी कधी सगळा सांधा न काढता त्याच जातीचे प्लॅस्टिक तेवढे बदलून भागते. ठाऊक नसेल तर अंदाजाने तयारी करावी लागते.

खर्चाची बाजू

ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या सांध्यांवर कमाल दर लावले. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला ५४,७२० रुपये आणि पुनर्रोपणाच्या सांध्याला १,१३,९५० रुपये, कर वेगळा. त्याआधी पुनर्रोपणाचा सांधा सरासरी पावणेतीन लाखांच्या घरात जात असे. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून चालू दर विचारून घ्या आणि बिलात सांध्याची किंमत, कंपनी व अनुक्रमांक वेगळे लिहून मागा. तो आपला हक्क आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतील रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतात. पुनर्रोपण योजनेत बसते का, कोणत्या रुग्णालयात बसते, हे दाखल होण्यापूर्वीच त्यांच्याकडून समजून घ्यावे. आपल्या जिल्ह्यातील सहकाराने साखरेबरोबर रुग्णालयेही उभी केली. लोणीचे प्रवरा ग्रामीण रुग्णालय १९७६ पासूनचे आहे. पुनर्रोपण मात्र नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच करावे. “वर्षाला अशी किती करता?” हे विचारण्यात संकोच नको.

सभासदांचे नेहमीचे प्रश्न

*“डॉक्टरसाहेब, आठ वर्षं गुडघा छान होता, आता चालताना कळ येतेय. वयाचं असंल का?”*
— अण्णा, वयाचे म्हणून सोडू नका. चांगला चाललेला सांधा नव्याने दुखू लागला, की क्ष-किरण फोटो आणि रक्ताची तपासणी झालीच पाहिजे. जुना फोटो असेल तर तोही आणा. दोन फोटो शेजारी ठेवले की सैलपणा लवकर दिसतो.

*“दुखत नाही, मग दाखवायचं कशाला?”*
— झीज पुष्कळदा न दुखता होते. डॉक्टर सांगतील त्या मुदतीने फोटो काढत जा, मावशी. हाड जाण्यापूर्वी कळले तर काम सोपे.

*“हाडवैद्याकडून चोळून घेतलं तर?”*
— मुळीच नको. ओढताओढीत खुबा निखळतो, हाड मोडते.

*“तोड चालू आहे, ऊस गेल्यावर ऑपरेशन केलं तर चालंल का?”*
— नुसती झीज असेल, तर सर्जनला विचारून थोडे थांबता येते. पू, ताप किंवा मोडलेले हाड असेल, तर एक दिवसही नाही. ऊस घरची माणसे आणि शेजारी घालतील.

हे कात्रण भिंतीवर लावा

पुढीलपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे:

१. टाक्यांतून पाणी किंवा पू येणे, जखम लाल व गरम होणे.
२. थंडी वाजून ताप आणि सोबत सांध्यात ठणका.
३. पोटरी सुजणे, दुखणे.
४. एकाएकी पाय आखूड होणे, वळणे किंवा पायावर उभे राहता न येणे.
५. पाऊल वर उचलता न येणे.

एकाएकी दम लागला किंवा छातीत दुखले, तर वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

दुसरे ऑपरेशन म्हणजे सर्व संपले असे नाही. ते पहिल्यापेक्षा अवघड आहे, सावकाश बरे होणारे आहे, आणि त्याचा निम्मा भार शस्त्रक्रियागृहाबाहेर, आपल्या घरात उचलावा लागतो. लवकर दाखवणे, मनाने औषध न घेणे, सांगितलेले औषध न सोडणे आणि कागद जपून ठेवणे ही चार कामे सभासदाची. ती ज्यांनी केली त्यांच्यासाठी सर्जनला करण्यासारखे पुष्कळ उरते. ज्यांच्या घरी बदललेल्या सांध्याचा माणूस आहे, त्यांनी ती चिठ्ठी ट्रंकेत आहे का ते आज संध्याकाळीच पाहून घ्यावे.